पेटीवरचं नाव

माझा भाऊ स्वीडनला असतो, वहिनी तिथलीच. त्यांची मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली, अजून दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून अणदूरला बसून मी तिथल्या मुलींच्या नावांची यादीच काढली. व्हेरा, आल्मा, फ्रेया. फ्रेया म्हणजे देवी. वहिनीलाही पटलं, तिनं पेटीवर तसं लिहूनही टाकलं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ती भावाकडून शिकलेल्या मराठीत म्हणाली, "आमच्याकडे आता आजी-पणजीची जुनी नावं पुन्हा सगळ्यांना आवडतात. आई, तुमचं नाव काय?"

आई लाजली. "माझं नगं गं बाई. धोंडाबाई. लई जुनाट."

"अर्थ काय?"

"धोंडा म्हंजी दगड. माझ्या आधीची तीन लेकरं गेली. म्हणून मला दगडाचं नाव दिलं, मरणानं हात लावू नये म्हणून."

"आणि मग?"

"मग काय, बसलेय की तुझ्यापुढं, सत्तर वर्षांची!"



सकाळी भावानं फोटो पाठवला. पेटीवरच्या चिठ्ठीत फ्रेया खोडलेलं होतं. खाली वहिनीनं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, धोंडाबाई.