आमच्या दारापुढे धूर नको

"आज आमच्या दारापुढेही मारा," वहिनी फाटकात उभ्या राहून म्हणाल्या.

फवारणीवाल्याने खांद्यावरचं धुराचं मशीन सावरलं. डासांसाठी धूर मारायला तो दर आठवड्याला दिवेलागणीच्या सुमारास गल्लीत यायचा, आणि वहिनींचं घर आलं की मशीन बंद ठेवून पुढे सरकायचा.

"आणि दादांचा दमा?"

"त्यांना बहिणीकडे पाठवलंय. धूर ओसरला की येतील."

"वहिनी, एक सांगू का..." तो शेजारच्या लोटलेल्या दाराकडे बघत म्हणाला.

"काही सांगू नका. मारा."

कानठळ्या बसवणारा आवाज सुरू झाला आणि पांढरा लोट घरात शिरला. वहिनींनी सगळ्या खिडक्या सताड उघडून ठेवल्या होत्या. डोळ्यांत पाणी आलं ते धुराने, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ती काही पटली नाही.

शेजारणीची मुलगी डेंगीने जाऊन महिना होत आला होता. सगळे तिला बडबडी म्हणायचे. वहिनींच्या ओट्यावर चढून बसायची आणि तोंडाचा पट्टा सुरू करायची. "अगं, श्वास तरी घे," वहिनी म्हणायच्या. मग ती एक मोठ्ठा श्वास घ्यायची आणि गाडी पुन्हा पुढे. आता तो ओटा पुसायला गेलं तरी वहिनींना रडू फुटायचं.

दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत. गेल्या वर्षी दादांचा दमा बळावला, तेव्हा वहिनींनीच फवारणीवाल्याला गाठलं होतं. आमच्यापुढे तेवढं बंद ठेवा. हे नियमात बसत नाही हे ठाऊक होतं, म्हणून चांगली गळ घालायची तयारी करून गेल्या होत्या. तो लगेच "बरं" म्हणाला. इतका भला की शेजारणीच्या कुंपणापासूनच मशीनचा आवाज थांबायचा. तेव्हा त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं!

"अगं, डास काय पत्ता विचारत येतो? शाळेत चावला असेल," दादा म्हणायचे. डॉक्टरांचंही म्हणणं तेच. वहिनी मान डोलवायच्या आणि ताटावरून अर्धपोटी उठायच्या.

गल्ली मात्र फवारणीवाल्यावर खवळली होती. कामचुकार म्हणून लोकांनी त्याला भर रस्त्यात फैलावर घेतलं, तेव्हा तो खाली मान घालून उभा राहिला. कोणाचं नाव घेतलं नाही. "सोडा त्याला. त्याचा काय दोष?" शेजारीणच पुढे होऊन म्हणाली. मागे उभ्या असलेल्या वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तर त्याला कामावरून काढायला लावायचं चाललं होतं.

धूर ओसरल्यावर वहिनी शेजारी गेल्या. शेजारीण शिलाई मशीनपाशी बसली होती. मशीनवर चादर टाकलेली. एरवी गिऱ्हाइकांच्या कपड्यांनी भरलेल्या खुंट्या रिकाम्या होत्या.

"या, वहिनी. बसा."

"बसत नाही. आधी ऐक. मग घराबाहेर काढलंस तरी चालेल."

शेजारीण उठून उभी राहिली.

"त्या माणसाने कामचुकारपणा केला नाही गं. यांच्या दम्यापायी मीच त्याला मशीन बंद ठेवायला सांगितलं होतं. तो बिचारा माझ्यासाठी शिव्या खातोय. उद्या मी सगळ्यांना सांगणार आहे, पण आधी तुला सांगायला हवं होतं. आमचा जीव सांभाळला मी, आणि तुझी पोर..."

शेजारणीने मशीनवरची चादर उगाच सारखी केली.

"बोल काहीतरी. शिव्या दे. अशी गप्प नको बसू."

शेजारणीने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"तुम्ही कधी सांगितलंत त्याला?"

"गेल्या वर्षी. यांना दवाखान्यात ठेवलं होतं ना, तेव्हा."

"मी त्याच्याही आधी सांगितलं होतं," शेजारीण म्हणाली. "शिवून ठेवलेल्या कपड्यांना धुराचा वास लागायचा म्हणून."