दर रविवारी तांबरम

सुब्बा मेकॅनिकनं पुढचं चाक काढलं, आतली ब्रेकची डिस्क पाहिली आणि भवानीबाईंना जवळ बोलावलं. व्यासराज समोरच्या दुकानात कॉफी सांगायला गेले होते. घरात वर्षभर त्यांना गोड बंद, तरी त्यांची रक्तातली साखर उतरत नव्हती. डॉक्टरही चक्रावले होते. तिथं तरी बिनसाखरेची सांगतात ना, यावर भवानीबाईंचा एक डोळा होता.

दोघं लग्नाला निघाली होती. वेस्ट मांबलमच्या गल्लीतून बाहेर पडायच्या आतच गाडी किंचाळायला लागली, म्हणून इथं थांबावं लागलं. एरवी गुडघ्यांमुळे भवानीबाई वर्षभरात या छोट्या गाडीत बसल्याच नव्हत्या.

"दोन प्रकार आहेत, अम्मा." सुब्बानं दोन खोकी पुढे केली. "हे पॅड भारी. यांच्याबरोबर डिस्कही नव्या घालायच्या. हायवेवर पळणाऱ्या गाडीला हेच लागतात. हे दुसरे साधे. साधेच घ्या, जुन्या डिस्क लेथवर घासून देतो. उभ्या गाडीला तेवढं पुरे."

"उभी कशी? हे दर रविवारी ती घेऊन तांबरमला लेकीकडे जातात की."

सुब्बा हसला. "पॅड बघा, झिजलेत कुठं? डिस्क उभ्या उभ्या गंजली. गेल्या वर्षी ऑइल बदललं तेव्हा मी मीटर लिहून ठेवलं होतं. त्यानंतर गाडी नव्वद किलोमीटर चाललीय, अम्मा."

भवानीबाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. तांबरमची जाऊन येऊन एक फेरी चाळीस किलोमीटर. वर्षाचे रविवार पन्नासच्या वर, म्हणजे खरी फेरी एकच. उरलेले पन्नास दर रविवारी एकेक करून. बहुधा कोपऱ्यावरच्या शाळेमागच्या सावलीपर्यंत जायचं आणि परत यायचं, बस.

ती एक फेरी त्यांना आठवली. लेकीनं, जननीनं, त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा "पुन्हा तोंड दाखवू नकोस" असं भवानीबाईच म्हणाल्या होत्या. मग पस्तावल्या. लेक फोन उचलेना. शेवटी एका रविवारी तिच्या आवडीची शेवयांची खीर करून त्यांनी नवऱ्याला डबा घेऊन तांबरमला धाडलं. डबा भरलेलाच परत आला. "घरी नव्हती," व्यासराज म्हणाले.

पुढच्या रविवारपासून मात्र डबा रिकामा, स्वच्छ घासलेला येऊ लागला. सोबत निरोप असे. अम्माचा गुडघा कसा आहे, विचारलं. कापराचं तेल लाव म्हणाली. भवानीबाई रोज ते तेल चोळत आणि त्यांना खरंच बरं वाटे. यंदा दिवाळीला लेक येणार, असं त्या धरूनच चालल्या होत्या. तिची साडीसुद्धा कपाटात आणून ठेवली होती.

त्या मटकन स्टुलावर बसल्या. एकही निरोप खरा नव्हता. वर्षभरात लेकीनं त्यांचं नावही काढलं नव्हतं. डबा कोण रिकामा करत होतं, हेही आता कुणाला विचारायला नको होतं.

व्यासराज कॉफीचे दोन पेले सांभाळत आले. उघडी खोकी पाहून थबकले.

"काय म्हणतो सुब्बा? कुठले घालायचे?"

भवानीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वर्षभरात हा माणूस किती वाळला होता, ते त्यांना आजच दिसलं.

"भारी घालू दे. डिस्कही नव्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दर रविवारी तांबरमला जायचं असतं."

सुब्बानं साध्या पॅडचं खोकं बाजूला सारलं.

रविवारी भवानीबाईंनी नेहमीप्रमाणे खीर केली, डबा भरला आणि "जननीला पोटभर खायला सांगा" म्हणून हातात दिला. दुपारी व्यासराज परतले. घासलेला डबा ओट्यावर ठेवून ते पाठमोरेच उभे राहिले.

"खाल्ली खीर?"

"अस्की खाल्ली, थेंब ठेवला नाही." बोलता बोलता ते वळले. "साखर नव्हती, तरी खाल्ली. म्हणाली, अम्माला सांगा, आता अशीच करत जा."