बिनआवाजाची गाडी

“सुरू झाली?” त्याने विचारलं.

“केव्हाचीच, काका,” मागच्या सीटवरून शोरूमची विक्रेती म्हणाली. “आता फक्त पाय दाबा.”

त्याने पाय दाबला. गाडी फाटकाबाहेर पडली, तीही मांजरीच्या पावलांनी. त्याच्या डाव्या पायाने क्लच शोधला, तो सापडला नाही. डावा हात गिअर टाकायला उठला आणि जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखा मांडीवर येऊन बसला. घरघर नाही, थरथर नाही. शेजारी बायकोने पर्सची चेन उघडली, तर तीसुद्धा स्पष्ट ऐकू आली.

विजेवरची नवी गाडी बायकोला हवी होती. जुन्या पेट्रोलच्या गाडीने तिची कंबर खिळखिळी केली होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सायलेन्सर अर्धा गळालेला, दारं खुळखुळणारी. दुसऱ्या गिअरमध्ये ती अशी ओरडायची की रस्त्यावर निजलेली कुत्री उठून बाजूला व्हायची. त्याचा मात्र तिच्यावर जीव होता. उभा जन्म त्याने छापखाना चालवला. यंत्रांच्या खडखडाटात गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की मान हलवायची आणि “हो, हो” म्हणायचं, ही विद्या तो तिथे शिकला. गिऱ्हाईक बोलून बोलून दमायचं आणि निघून जायचं. छापखाना विकला आणि ती विद्या वाया जायची वेळ आली. घरात सगळंच ऐकू यायचं. ऐकू आलं की उत्तर द्यावं लागायचं, आणि उत्तर दिलं की हरावं लागायचं. राहता राहिली गाडी. तिथे बायको शेजारी बसून काहीबाही बोलायची, इंजिन गर्जायचं आणि तो मान हलवायचा. “हो, हो.” जगात तेवढीच एक जागा त्याच्या सुखाची होती, आणि आज तीच हातची जाणार होती.

म्हणून तो नव्या गाडीत खोट काढू लागला.

“हिच्यात काही दम दिसत नाही,” सिग्नलला तो म्हणाला. दिवा हिरवा झाला. त्याने रागारागाने पाय दाबला, तशी तिघांची डोकी मागे आपटली.

“अगं बाई!” बायको म्हणाली आणि लहान पोरीसारखी हसली. “अहो, परत करा ना तसं!”

“चढावर कळेल हिची लायकी.”

चढावर काही कळलंच नाही. जुनी गाडी इथे भल्याभल्यांना देव आठवायला लावायची. ही लिफ्टसारखी वर गेली. वर पोचून त्याने नुसता पाय सैल केला, तर ब्रेक न लावताच हळू झाली.

“रंग कोणता आवडेल, काकू?” विक्रेतीने संधी साधली.

“जांभळा. आमचा दिवाणखाना जांभळाच आहे. यांनीच पसंत केलाय.”

त्याच्या कपाळाला आठी पडली. जांभळा रंग त्याला डोळ्यांसमोर नको असायचा. आपण तो कधी पसंत केला, हे त्याला आजवर आठवलेलं नव्हतं. घरातला कुत्राही त्यानेच आणायला सांगितला होता म्हणे. वय झालं की असं व्हायचंच, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

चढ संपला आणि रस्ता सरळ झाला. बायकोने खिडकीबाहेर नजर लावली आणि नेहमीच्या सवयीने, तोंडातल्या तोंडात म्हणाली, “माझा धाकटा भाऊ येतो म्हणतोय. तीन महिने राहील. ट्रम्पेट शिकतोय, तेही आणेल. मागची खोली देऊ त्याला. चालेल ना?”

त्याचा पाय दचकून उचलला गेला. तेवढ्यावर गाडी भर रस्त्यात थांबायलाच आली. मागून चार हॉर्न वाजले.

“नाही!” तो म्हणाला. “अजिबात चालणार नाही. आणि ट्रम्पेट तर मुळीच नाही.”

बायको गर्रकन वळली. स्टिअरिंगनेच तोंड उघडावं तशी ती त्याच्याकडे पाहत राहिली.

“तुम्हाला ऐकू आलं?”

“शब्द न् शब्द.”

शोरूम येईपर्यंत ती पर्सची चेन उघडत आणि लावत राहिली. विक्रेतीने खाली उतरून तिचं दार उघडलं. “मग काकू, जांभळीच बुक करू या?”

“नको गं बाई,” ती म्हणाली. “गाडी गुणाची आहे, पण आम्हाला नाही मानवायची. इंजिन बोललं नाही की गाडीत बसल्यासारखं वाटत नाही.”

“पण काकू, तुमची कंबर?”

“कंबर काय, शेकली की राहते.”

त्याचा कानांवर विश्वास बसेना. एकही वार न करता लढाई जिंकली होती. बायकोचं मन पुन्हा फिरू नये म्हणून तो लगबगीने जुन्या गाडीकडे गेला. आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. तिच्यासाठी दार उघडून धरलं.

चावी फिरवल्यावर गाडी आधी खोकली, मग शिंकली, मग गर्जली. दारं, काचा, आरसा सगळं एका सुरात खुळखुळू लागलं. त्याच्या डाव्या पायाला क्लच मिळाला, डाव्या हाताला गिअर मिळाला. त्याने दुसरा गिअर टाकला आणि खुशीत शीळ घातली. ती त्याची त्यालाही ऐकू आली नाही.

बायकोने खिडकीबाहेर नजर लावली. तिचे ओठ हलले. बराच वेळ हलत राहिले. मग ती त्याच्याकडे वळली आणि तिने भुवया उंचावल्या.

“हो, हो,” त्याने मान हलवली.