वळले किती?

“मायराऽऽ!”

पूर्वी बाकावर चढून ओरडली. दोन मुली वळल्या. झोक्यावरची तिसरीही वळली. शिवाय एक पांढरं पॉमेरेनियन शेपूट हलवत थेट तिच्या पायाशी आलं.

“तीन मुली, एक कुत्री. काट!” तिनं वहीत लिहिलं आणि चिठ्ठी चुरगाळून खिशात कोंबली.

रविवारची दुपार होती. चंदीगडच्या जानेवारीत असं ऊन रोज मिळत नाही, त्यामुळे अख्खं सेक्टर बागेत उतरलं होतं. पोरं क्रिकेट खेळत होती. हिरवळीवर चादरी टाकून बायका मटार सोलत होत्या. त्यांच्यातच, पूर्वीकडे पाठ करून, तिची आई बसली होती.

पूर्वी सोळा वर्षांची होती आणि दहाच दिवसांपूर्वी आत्या झाली होती. उद्या बारसं. भाचीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे तिचा. घरात एकमत होईना, तेव्हा दादा-वहिनीनं हात जोडून नाव निवडायचं कामही तिच्यावरच टाकलं. तिची अट एकच होती. नाव दुसऱ्या कुणाचं नको. तिच्या वर्गात तीन पूर्वी होत्या. सरांनी ‘पूर्वी’ म्हटलं की तिघी उभ्या राहायच्या. हिला सगळे ‘मराठीवाली पूर्वी’ म्हणायचे. एकदा तर तिच्या निबंधाचं बक्षीस दुसरीच पूर्वी स्टेजवर जाऊन घेऊन आली, वर फोटोही काढून घेतला. भाचीवर ही वेळ येता कामा नये!

म्हणून ही परीक्षा. घरातल्यांनी चिवड्याच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या. पूर्वीनं बागेत एकेक नाव ओरडायचं. कुणीही वळलं की नाव बाद.

“अन्वीऽऽ!” चार जणी.

“आर्याऽऽ!” दोन मुली आणि बॅटिंग करणारा एक मुलगा. तो आउट झाला आणि पूर्वीवर भडकला.

“की होया पुत्तर, कौन गुम गया?” एका आंटीनं काळजीनं विचारलं.

“गुम नहीं गयी आंटीजी, अभी मिली ही नहीं!”

डब्यात शेवटची चिठ्ठी उरली. ती बाबांची होती, हिरव्या शाईतली. बाबा हवाई दलातून निवृत्त झाले होते, त्यांचं हिरवं पेन मात्र झालं नव्हतं. वहिनीनं नऊ चिठ्ठ्या टाकल्या होत्या, दादानं सहा. बाबांनी ही एकच. टाकताना म्हणाले होते, “माझी सगळ्यात शेवटी उघड. आणि जोरात ओरड हं. मटारवाल्या मंडळींपर्यंत गेलं पाहिजे.”

तिनं चिठ्ठी उघडली. नाव छान होतं. वर्गात नव्हतं, शाळेत नव्हतं, अख्ख्या सेक्टरमध्ये तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं छाती भरून श्वास घेतला.

“मधुरिमाऽऽ!”

कुणी वळलं नाही. क्रिकेट चालू राहिलं. झोके चालू राहिले. पॉमेरेनियननं कानसुद्धा हलवला नाही. पूर्वीनं बाकावरच उडी मारली. मिळालं!

“ओ!”

आवाज मटारांच्या बाजूनं आला. आई उभी राहिली होती. मांडीवरचे दाणे हिरवळीवर सांडले होते आणि तिला पत्ता नव्हता. हजेरीत नाव पुकारलेल्या मुलीसारखी ती ताठ उभी होती आणि हाक कुठून आली ते शोधत होती.

पूर्वी धावत गेली. “आई? तू का ओ दिलीस?”

आई खाली बसली आणि एकेक दाणा वेचायला लागली. “सवयीनं,” ती म्हणाली. मग स्वतःशीच हसली. “कसली सवय! तीस वर्षं झाली. माझं नाव आहे ते. लग्नाआधीचं.”

पूर्वीही दाणे वेचायला वाकली. मामा आईला ताई म्हणायचे. अख्खी बाग सबनीस आंटी म्हणायची. बाबा नुसतं ‘अगं’ म्हणायचे. आधार कार्डावर वंदना होतं. वंदनाच्या आधीही काही असेल, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“मग वंदना कुणी केलं?”

“तुझ्या आजीला मधुरिमा फार लांब वाटलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि तुझ्या बाबांनी अंगठीनं त्यात वंदना लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.” आईनं हातातली शेंग सोलायची सोडून नुसतीच फिरवली. “पण तुला कुठून मिळालं हे नाव? सांगितलं कुणी?”

पूर्वीनं चिठ्ठी पुढे केली.

आईनं हिरवी शाई पाहिली. चारच अक्षरं होती, पण वाचायला तिला बराच वेळ लागला. मग तिनं चिठ्ठीची नीट घडी घातली आणि स्वेटरच्या खिशात ठेवली.

“आता बाद ना पण?” ती म्हणाली. “मी वळले. नियम तुझाच. आणि त्या चिमुरडीला रागवायचं कसं मग? माझंच नाव घेऊन?”

“हळू आवाजात रागवायचं.”

पूर्वी तिथेच चादरीवर मांडी घालून बसली आणि तिनं वही उघडली. ‘मधुरिमा. वळली एक,’ तिनं लिहिलं. पुढे काट मारायची जागा होती. तिथे तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं,

‘उद्यापासून दोन.’