शेजारचं भांडं

इथल्या अमेरिकन शाळेच्या वादविवादात नाणेफेकीनं नकोशी बाजू माझ्या गळ्यात पडली: 'उजव्या विचारांनी अमेरिकेचं भलं केलं.' घरात तशा विचारांचे एकटे आजोबा. "तुमच्या लोकांनी दिलंय तरी काय?" मी फणकारले. त्यांनी फडताळातून काचेचं भांडं काढलं. "आजी गेली, तेव्हा यातून गरम जेवण आलं. सरकारकडून नाही, शेजारून. माणसांनी माणसांना सांभाळायचं, हेच आमचं म्हणणं." "आजीची औषधं सरकारनं दिली, ते?" "ते तिथं बोलू नकोस!" मी हसत भांडं उलटं केलं. तळाच्या चिकटपट्टीवर नाव होतं, कुबिक. दर निवडणुकीत आजोबा ज्या शेजाऱ्याशी तावातावानं भांडतात, तोच. "हा तर आमच्यातला!" "मत तुम्हाला देतो, पण वागतो आमच्यासारखा." "मग दोन वर्षांत भांडं परत का नाही केलंत?" "रिकामं देऊन आभार मानतात का? आणि भरून द्यायचं, तर करणारीच गेली." मी बटाटे सोलायला घेतले.