शिल्लक शून्य

"कुप्या असत्या तर दिल्या नसत्या का?" बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही.

पडद्यावर समुद्रापलीकडच्या देशातली डॉक्टर होती. डोळे तारवटलेले, मास्क हनुवटीखाली ओढलेला. तिच्या वॉर्डात घटसर्पाची अकरा मुलं होती. एकेकाला प्रतिविषाच्या चार कुप्या, म्हणजे चव्वेचाळीस हव्या होत्या. तिच्याजवळ एकही नव्हती. हे औषध बनवणारा मोठा कारखाना गेल्याच महिन्यात जळाला होता.

"माफ करा ताई." ती तिच्या भाषेत बोले, यंत्र ते बाईंच्या भाषेत ऐकवी. "यादीत शून्य दिसतंच आहे. विचारायला नको होतं. पण राहवलं नाही."

ती यादी सहा देशांनी मिळून केली होती. प्रत्येकाने आपल्या भांडारातला साठा रोज त्यात भरायचा. सगळ्यांना सगळं दिसणार. एकाकडे संपलं की दुसऱ्याने पहिल्या विमानाने पाठवायचं. सुरुवातीच्या समारंभात भांडारप्रमुख म्हणून बाईच बोलायला उभ्या राहिल्या होत्या. "आता कुणाचंच मूल औषधावाचून जाणार नाही," त्या म्हणाल्या होत्या. टाळ्याही चांगल्या पडल्या होत्या.

आणि आज त्यांच्या शीतगृहात, लसींच्या खोक्यांमागे, साठ कुप्या होत्या.

आगीची बातमी आली त्याच दिवशी त्यांनी साठच्या जागी शून्य भरलं होतं. वरून कुणाचा हुकूम नव्हता. त्यामागे यादी नव्हती तेव्हाची एक गोष्ट होती. बाईंनी भरवशाने सगळ्या कुप्या दुसऱ्या शहराला उसन्या दिल्या होत्या. आठवड्याने त्यांच्याच शहरातली एक मुलगी दगावली. तिच्या आईने भांडाराच्या दारात येऊन फोडलेला हंबरडा बाईंच्या कानातून गेला नव्हता. पुन्हा हात रिकामे ठेवायचे नाहीत, एवढंच त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

बुधवारी शीतगृहाचा मेकॅनिक तापमान बघायला आला. वीस वर्षांची ओळख, त्यामुळे जिभेला हाड नव्हतं.

"बाई, त्या मागच्या खोक्यांची मुदत कधीपर्यंत?"

"मार्च."

"मग त्यांचं काय लोणचं घालायचंय?"

"तुम्ही तुमचं काम करा," बाई खेकसल्या. एरवी त्या हसल्या असत्या.

संध्याकाळी घरी नातीला नुसतं पडसं झालेलं होतं. बाईंनी तिला खिडकीपाशी नेलं, तोंड उघडायला लावलं, टॉर्च मारला. घशात घटसर्पाचा पांढरा पापुद्रा नव्हता. साधी लालीही नव्हती. तरी त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं, मग तिसऱ्यांदा.

"आजी, काय शोधतेस?"

जेवताना बाईंचा घास तोंडात फिरत राहिला. "बरं नाही का?" नवऱ्याने विचारलं. डॉक्टरने माफी मागितली होती. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी ऑफिस उघडताच, पर्ससुद्धा खाली न ठेवता, बाईंनी यादी उघडली. शून्य खोडलं. साठ लिहिले. मग खुर्चीत बसल्या. आता चौकशी होईल, नोकरी जाईल, पेपरात नाव येईल. येऊ दे.

पण चौकशीचा फोन आला नाही. तिसऱ्या मिनिटाला दुसऱ्या एका देशाचं शून्य पुसलं गेलं. तिथे चाळीस आले. पाठोपाठ आणखी एकाचे पंचवीस. मग एकशे दहा. पाव तासात डॉक्टरचा देश सोडून पाचही रकाने भरले.

मेकॅनिक मागे येऊन उभा होता. "म्हणजे सगळ्यांकडेच होत्या?" तो पुटपुटला. "मग कुणीच कसं बोललं नाही?"

बाई विमानाची वेळ शोधत होत्या. पहिलं विमान दुपारी दोनचं. चव्वेचाळीस कुप्यांचा कागद त्यांनी छापायला घातला, तेवढ्यात डॉक्टरचा निरोप आला.

"तुमचे उपकार कसे फेडू, ताई. चव्वेचाळीस नका पाठवू. आता नऊच मुलं उरली आहेत, छत्तीस पुरतील."