होडी उलटल्याचा अहवाल

“माताजी, यहाँ साइन कर दीजिए. बस, फिर फाइल बंद.”

ठाण्याच्या टीआयसाहेबांनी, म्हणजे ठाणेदारांनी, कागद शकुबाईंपुढे सरकवला. शकुबाईंचे यजमान शालिग्रामराव नर्मदेत बुडाले, त्याला आज बावीस दिवस झाले होते. अपघाती मृत्यू, असा ठाण्याचा निष्कर्ष होता. मृतकाच्या पत्नीला कोणावर संशय नाही, एवढं तिच्या सहीनिशी लागलं की झालं.

शकुबाईंच्या एका बाजूला मुलगा अंबरीश बसला होता, दुसऱ्या बाजूला सून प्रणाली. प्रणालीच्या मांडीवर दीड वर्षाची जया पेंगत होती. बावीस दिवसांत प्रणालीचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. महाराजपूरहून ऑटोत बसल्यापासून ती मनातल्या मनात एकच घोकत होती, आज सही होऊ दे. एकदाची होऊ दे.

शकुबाईंनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

“वाचून दाखवा ना साहेब.”

“आई, काहून वाढवून राहिली?” अंबरीश हळूच म्हणाला. “मी वाचलंय सगळं. बयान मीच दिलं ना.”

ते खरंच होतं. आई बोलायच्या स्थितीत नाही, असं सांगून त्यानेच सगळं निस्तरलं होतं. घाटावर पाय घसरला आणि हे गेले, एवढंच शकुबाईंना कळलेलं. त्यांना कोणी काही विचारलंही नव्हतं.

टीआयसाहेबांनी चष्मा चढवला आणि भराभर वाचलं. सकाळी नऊच्या सुमारास मृतक मुलासोबत लहान होडीने पलीकडच्या तीरावर दर्शनाला निघाला. मधल्या धारेत होडी उलटली. मुलाने पाण्यात खूप शोध घेतला, मृतक सापडला नाही. मग मुलगा ओल्या कपड्यांनिशी तसाच घरी धावत गेला.

शकुबाईंनी पेन खाली ठेवलं.

“हे होडीत बसले?”

“हो आई. बाबांचाच हट्ट होता.”

त्या अंबरीशकडे वळल्या नाहीत. साहेबांकडे बघतच बोलल्या.

“साहेब, त्या पहाटे ह्यांनी नर्मदेची परिक्रमा उचलली होती. पोरं अडवतील म्हणून घरात सांगितलं नाही. संकल्पाचं पाणी मीच त्यांच्या हातावर सोडलं, वाटेला लावलं आणि घरी आले.” त्यांनी पदर नीट केला. “परिक्रमेतला माणूस मैया ओलांडत नाही. पलीकडे जायला तो होडीत पाय ठेवणार नाही. जीव गेला तरी नाही.”

कोपऱ्यात टाइप करणाऱ्या मुंशीची बोटं थांबली. टीआयसाहेबांनी चष्मा काढला. याच नदीकाठी वाढलेला माणूस तो. त्याला अधिक काही समजावून सांगायची गरज नव्हती.

प्रणालीने वळून सासूकडे पाहिलं. भाजी कोणती टाकू, हेही सुनेला विचारून ठरवणारी ही बाई. एकुलता एक मुलगा. आपलं बोलणं कोणाच्या डोक्यावर जाऊन पडणार, हे तिला पुरतं कळत होतं, तरी आवाज तसूभर हलला नव्हता. चार वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलो आणि आपण हिला पाहिलंच नाही, असं प्रणालीला वाटलं. खुर्चीवर बसलेली ती एवढीशी बाई त्या खोलीत मावत नव्हती.

“सर, सदमे में हैं,” अंबरीश म्हणाला. “कुछ भी बोल रही हैं.”

टीआयसाहेबांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

“बहूजी, आप तो घर पर थीं. ये उस दिन किस हाल में लौटे थे?”

अंबरीशने हात लांब करून जयाच्या डोक्यावर ठेवला. हलकेच थोपटलं. नजर मात्र प्रणालीवर होती.

प्रणाली उठली. झोपाळलेल्या जयाला तिने अलगद सासूच्या मांडीवर दिलं. उत्तर तिने साहेबांना दिलं नाही. शकुबाईंच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली,

“आई, त्या दिवशी ह्यांनी घरी आल्याआल्या काढलेले कपडे मीच धुतले. मी बादलीत टाकेपर्यंत ते कोरडे होते.”